खेळाडूने आधी स्वतःसाठी शिवून घेतलेला शर्ट : लाकोस्त एल.१२.१२

नामवंत खेळाडूच्या नावाने विकायला आलेली वस्तू पारखताना माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हा खेळाडू अजून मैदानात असता, तर त्याने ही वस्तू स्वतःसाठी पैसे मोजून घेतली असती का? बहुतेक वस्तू या प्रश्नापाशीच अडखळतात. मुष्टियोद्धे जॉर्ज फोरमन यांच्या नावाची विजेवर चालणारी ग्रिल १९९४ मध्ये बाजारात आली, तिचे कोट्यवधी नग खपले आणि ते नाव कायमचे वापरता यावे म्हणून उत्पादक कंपनीने १९९९ मध्ये त्यांच्याशी सुमारे १३.८ कोटी डॉलरचा करार केला. पण ग्रिलची रचना दुसऱ्याचीच होती. फोरमन यांनी त्यात वावगे काही केले नाही, उलट व्यवहार म्हणून तो पहिल्या प्रतीचाच म्हणावा लागेल. मात्र नाव भाड्याने देणे वेगळे आणि खेळाडूने स्वतः धंद्यात उतरणे वेगळे. दुसऱ्या प्रकारातून निघालेली वस्तू कशी असते हे पाहायचे असेल, तर लाकोस्त कंपनीचा एल.१२.१२ हा पोलो शर्ट नव्वदीच्या पुढे गेला असूनही सर्वांत चांगला नमुना आहे. तो मी नियमित वापरत आलो आहे, आणि त्याच्याविषयी चांगले-वाईट दोन्ही सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

रने लाकोस्त (१९०४–१९९६) हे फ्रान्सचे टेनिसपटू. १९२५ ते १९२९ या पाच वर्षांत त्यांनी फ्रेंच स्पर्धा तीनदा, विम्बल्डन दोनदा आणि अमेरिकन स्पर्धा दोनदा, अशी एकेरीची सात ग्रँड स्लॅम विजेतेपदे मिळवली, आणि १९२७ मध्ये फ्रान्सने अमेरिकेकडून डेव्हिस चषक प्रथमच जिंकला तेव्हाच्या संघातील ते एक प्रमुख खेळाडू होते. त्यांची ख्याती उपजत प्रतिभेपेक्षा अभ्यासाची अधिक होती. प्रतिस्पर्ध्यांच्या उणिवा ते वहीत टिपून ठेवत, आणि सरावासाठी पुरेसा चिवट जोडीदार मिळेना म्हणून त्यांनी चेंडू फेकणारे यंत्रच तयार करवून घेतले. त्या काळी टेनिस खेळायचे ते लांब बाह्यांचा, ताठ कॉलरचा, मागावर विणलेल्या कापडाचा पांढरा सदरा घालून. असे कापड ताणले जात नाही, घामाने अंगाला चिकटते, आणि बाह्या कितीही वर सरकवल्या तरी सर्व्हिससाठी हात उचलला की त्या पुन्हा खाली घसरतात. एका इंग्रज उमराव मित्राला पोलोचा विणीचा शर्ट घालून टेनिस खेळताना लाकोस्त यांनी पाहिले आणि तसेच काही शर्ट स्वतःसाठी शिवून घेतले. १९२६ च्या अमेरिकन स्पर्धेत ते आखूड बाह्यांचा, मऊ कॉलरचा, पीके म्हणजे बारीक खळग्यांच्या विणीचा शर्ट घालून उतरले, आणि ती स्पर्धा त्यांनी जिंकलीही.

म्हणजे धंद्याचा विचार मनात येण्याच्या कितीतरी आधी वस्तू तयार होती आणि तिची चाचणी जगातील सर्वांत कठीण सामन्यांत होऊन गेली होती. आजकाल निवृत्तीच्या सोहळ्यापाठोपाठ नव्या ब्रँडची घोषणा होते, तिथे क्रम नेमका उलटा असतो: आधी ब्रँड, मग त्याखाली काय विकायचे याचा शोध. लाकोस्त यांना ती घाई करणे शक्यही नव्हते, कारण मोठ्या स्पर्धा १९६८ पर्यंत हौशी खेळाडूंसाठीच राखीव होत्या आणि खेळातील नावलौकिकावर पैसा कमावणाऱ्याला त्यांची दारे बंद होत. ढासळत्या प्रकृतीमुळे वयाच्या पंचविशीच्या उंबरठ्यावर त्यांनी १९२९ मध्ये खेळ जवळजवळ थांबवला, आणि १९३३ मध्ये आंद्रे जिलिए यांच्याबरोबर कंपनी स्थापन केली. जिलिए हे त्रुवा या होजिअरीसाठी प्रसिद्ध असलेल्या गावातले मोठे कारखानदार होते. माझ्या मते या साऱ्या कहाणीतला सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच. शर्टाने काय करायला हवे हे लाकोस्त यांना ठाऊक होते, तो हजारोंच्या संख्येने एकसारखा कसा विणायचा हे जिलिए यांना ठाऊक होते, आणि दोघांपैकी कोणीही दुसऱ्याचे काम आपल्याला जमते असा आव आणला नाही. खेळातून आलेल्या कित्येक उद्योगांचे तारू नेमके याच खडकावर फुटलेले आहे, कारण मैदानावर अखेरचा निर्णय स्वतः घेण्याची सवय लागलेल्या माणसाला कारखान्यातल्या जाणत्याचे ऐकणे जड जाते.

आता प्रत्यक्ष शर्टाकडे. नावातील एल म्हणजे लाकोस्त, १ म्हणजे कापडाचा प्रकार, २ म्हणजे आखूड बाही आणि १२ म्हणजे अनेक नमुने करून पाहिल्यावर पसंत पडलेला बारावा नमुना. म्हणजे मालाला कारखान्यात दिलेला क्रमांकच पुढे त्याचे नाव झाला. कापड दुपदरी सुताचे, पूर्ण सुती आणि पीके विणीचे आहे. उजेडासमोर धरले की पोळ्याच्या घरांसारखी बारीक खळगी ओळीने दिसतात, आणि उलट्या बाजूने बोट फिरवले तर ते जवळजवळ सपाट लागते. या खळग्यांमुळे कापडातून वारा खेळता राहतो, आणि कापड पातळ न करताही ते उबत नाही. साध्या जर्सी विणीच्या टी-शर्टापेक्षा हे कापड अंगावर थोडे उभे राहते, त्यामुळे पोटाची घडी दाखवत नाही. मध्यम वयाच्या ग्राहकांत हा शर्ट लोकप्रिय असण्याचे खरे कारण हेच असावे, टेनिसचा वारसा वगैरे नंतर.

कॉलर आणि बाहीची कड या दोन्ही जागी उभ्या रेघांची वीण आहे. बाहीची कड दंडाला हलकेच धरून राहते. हात डोक्यावर नेऊन खाली आणला तरी बाही आपल्या जागी येऊन थांबते. लांब बाहीवरचा जो वैताग लाकोस्त यांना घालवायचा होता, त्याचे उत्तर या जेमतेम बोटभर पट्टीत आहे, आणि ते आजही चोख काम करते. काजपट्टी आखूड असून तिला शिंपल्याची दोनच बटणे आहेत. शिंपल्याचे बटण बोटाला गार लागते आणि प्रत्येकाची चमक किंचित वेगळी असते; प्लास्टिकचे बटण सगळीकडून सारखेच चकाकते. खांद्याची आणि बाहीची शिवण आतून नीट बंद केलेली असल्यामुळे दिवसभर घालूनही ती कुठे टोचत नाही.

छातीवरची मगर हा स्वतंत्र विषय आहे. डेव्हिस चषकाच्या एका सामन्यावरून संघाच्या कर्णधाराने मगरीच्या कातडीच्या सुटकेसची पैज लावली, त्यावरून वृत्तपत्रांनी लाकोस्त यांना मगर म्हणायला सुरुवात केली, आणि एकदा धरलेला प्रतिस्पर्धी ते सोडत नसल्याने ते टोपणनाव चिकटले. रॉबेर जॉर्ज या मित्राने काढलेले मगरीचे चित्र त्यांनी आधी आपल्या कोटावर भरून घेतले आणि पुढे तेच शर्टावर आले. उत्पादकाची खूण कपड्याच्या बाहेर, सर्वांना दिसेल अशी लावण्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी हा एक. आज छाती, बाही, पाठ अशी दिसेल त्या जागी बोधचिन्हे लावलेले कपडे पाहिले की या पायंड्याबद्दल लाकोस्त यांचे आभार मानावेत की नाही, असा प्रश्न पडतो. मगर मात्र लहान आणि नेटकी आहे: हिरवे अंग, लाल जबडा, पांढरे दात. ती वेगळी भरून मग शर्टावर शिवलेली असते. नक्कल ओळखायची असेल तर दात आणि नख्या पाहाव्यात, कारण स्वस्त भरतकामात त्यांचा नुसता ठिपका होतो. आशियात मगरीचीच खूण असलेला सिंगापूरचा एक जुना ब्रँडही विकला जातो आणि त्याचे लाकोस्तबरोबर बरेच कज्जे झालेले आहेत. तो नकली माल नव्हे, पण हाही नव्हे. पाहणाऱ्याच्या दृष्टीने लाकोस्तच्या मगरीचे तोंड उजवीकडे असते, त्या दुसरीचे डावीकडे.

खूण लावण्याच्या पद्धतीवरून फ्रेड पेरी यांचा शर्ट आठवतो. १९३४ ते १९३६ असे सलग तीन वेळा विम्बल्डन जिंकणाऱ्या या इंग्रज खेळाडूने ऑस्ट्रियाचे माजी फुटबॉलपटू टिब्बी वेग्नर यांच्याबरोबर १९५२ मध्ये आपला पीके शर्ट आणला आणि त्यावरची पानांची माळ थेट कापडातच भरली. भरतकामाचा तो मार्ग मला अधिक पक्का वाटतो. एकूण घाटाच्या बाबतीत मात्र पेरी यांचा शर्ट अंगाला जवळ बसणारा आणि शहरी तरुणाईच्या वळणाचा झाला, तर एल.१२.१२ चा मूळचा घाट अजूनही खांद्यांत मोकळा आहे. हात फिरवणाऱ्या माणसासाठी तो बेतलेला आहे, हे घातल्या घातल्या कळते.

शर्टातील उणिवा बहुतांशी सुती कापडाच्याच आहेत. सूत घाम शोषून घेते पण लवकर सोडत नाही, त्यामुळे भरपूर घाम आला की शर्ट जड होतो आणि वाळायला वेळ घेतो. गडद रंग वारंवार धुतल्याने हळूहळू विटतात. विणीची कॉलर मागावर विणलेल्या कॉलरसारखी इस्त्रीने ताठ होत नाही आणि काळाच्या ओघात तिची टोके वर वळू लागतात. गरम पाणी आणि यंत्रातील वाळवण या दोन गोष्टी टाळल्या, उलटा करून थंड पाण्यात धुतला आणि पसरून सावलीत वाळवला, तर आटण्याचा त्रास फारसा होत नाही. पण एवढी काळजी घ्यायला लागणाऱ्या कपड्याला खेळाचा कपडा म्हणावे का, हा प्रश्न उरतोच.

त्याचे प्रामाणिक उत्तर नकारार्थी आहे. २०१७ पासून लाकोस्तचा चेहरा असलेले नोव्हाक जोकोविच सामन्यात एल.१२.१२ घालत नाहीत. ते घालतात ते त्याच कंपनीचे, पण कृत्रिम धाग्याचे, घाम चटकन उडून जाणारे हलके शर्ट. यात मला विसंगती दिसत नाही. लाकोस्त यांना परंपरेपेक्षा उपयुक्तता प्यारी होती. वयाच्या साठीच्या आसपास त्यांनी लाकडी रॅकेटला पर्याय म्हणून पोलादी रॅकेटचे पेटंट घेतले, आणि विल्सन कंपनीने १९६७ मध्ये बाजारात आणलेली त्याच रचनेची टी-२००० ही रॅकेट जिमी कॉनर्स यांनी पुढे वर्षानुवर्षे वापरली. असा माणूस आज खेळत असता तर स्वतःचा सुती शर्ट त्याने कधीच बाजूला ठेवला असता, असे मला वाटते.

तरीही शर्ट टिकला, यात कंपनीच्या पुढच्या वाटचालीचा वाटा आहे, आणि ती सगळीच अभिमानास्पद नाही. १९५१ मध्ये पांढऱ्याखेरीज इतर रंग आले, १९६३ मध्ये सूत्रे मुलगा बेर्नार यांच्याकडे गेली. अमेरिकेत १९५२ पासून इझॉड कंपनीच्या नावाशी जोडून शर्ट विकले गेले; सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ती मगर तिथे घरोघरी पोहोचली आणि मग इतकी सर्वत्र दिसू लागली की तिची किंमत उरेना. १९९३ मध्ये ही जोडी फुटली आणि लाकोस्तने पुन्हा वरच्या दर्जाची वाट धरली. खूण मालापेक्षा मोठी झाली की काय होते, याचा हा धडा कंपनीला तिच्याच शर्टाने दिला. २०१२ मध्ये, कुटुंबातील वादानंतर, मालकी मॉस फ्रेर या स्विस समूहाकडे गेली. आता संस्थापकाच्या घराण्याचा माणूस प्रत्येक नमुना बोटाने तपासत असेल अशी कल्पना करण्यात अर्थ नाही. सध्याच्या मालात शर्टाची मूळ रचना मात्र बऱ्याच अंशी शाबूत आहे, आणि माझ्या दृष्टीने ग्राहकाला त्याच्याशी कर्तव्य आहे.

दर सामान्य पोलो शर्टाच्या मानाने चढा आहे आणि त्यातला काही भाग निःसंशय मगरीचा आहे. कापड, बटणे आणि शिवण यांचा दर्जा पाहता उरलेला भाग वाजवी वाटतो. कामाच्या ठिकाणी, प्रवासात किंवा सदरा फार औपचारिक आणि टी-शर्ट फार सैल वाटेल अशा प्रसंगी घालायला एकच चांगला शर्ट हवा असेल, तर हा जरूर घ्यावा. टेनिस खेळण्यासाठीच घ्यायचा असेल, तर त्याच दुकानातील कृत्रिम धाग्याचा शर्ट पाहावा. पहिला शर्ट पांढरा घ्यावा, कारण विणीचे काम त्यावरच नीट दिसते आणि विटण्याचा प्रश्न येत नाही. मापे आकड्यांत असतात आणि ४ म्हणजे साधारण मध्यम. पण मोकळ्या आणि अंगाबरोबर बसणाऱ्या अशा दोन्ही घाटांत हा शर्ट मिळत असल्यामुळे, आकड्यावर विसंबून न राहता आधी तो अंगात घालावा, हात पूर्ण वर नेऊन पाहावा, आणि मगच माप ठरवावे.