नाताळचे स्प्रे रंग: झाडावर कुठला कॅन, घरच्या सजावटीवर कुठला

नाताळ जवळ आला की स्प्रे रंगांच्या कॅनवर सगळीकडे एकसारखी चित्रं झळकू लागतात: शुभ्र झाड, सोनेरी पाइनकोन, रुपेरी तारा. आतला माल मात्र एक नसतो. सॉल्व्हंटवरचा (म्हणजे रंग विरघळवून मग उडून जाणाऱ्या रसायनावरचा) इनॅमल किंवा लॅकर, पाण्यावरचा अ‍ॅक्रिलिक, फुलांसाठीचा झटपट सुकणारा रंग आणि बर्फाचा स्प्रे अशा त्यात चार जाती आहेत, आणि एकीचं काम दुसरीकडून होत नाही. एकच कॅन घ्यायचा असेल तर पाण्यावरचा पांढरा मॅट अ‍ॅक्रिलिक घ्या. तो सर्वांत चकचकीत नाही, सर्वांत टिकाऊही नाही, पण त्याच्यामुळे खराब होणाऱ्या वस्तू सगळ्यात कमी आहेत.

आधी झाड. कृत्रिम झाडाची पानं जवळून पाहा. तारेत पिळलेल्या चपट्या, पातळ पट्ट्या दिसल्या तर ते पीव्हीसी. साच्यातून काढल्यासारखी जाडसर, गोलाई असलेली टोकं दिसली तर ती बहुधा पीई, म्हणजे पॉलिइथिलीन. बऱ्याच झाडांत बाहेरची टोकं पीईची आणि आतला भराव पीव्हीसीचा असतो. दोन्हींवर रंग फसतो, पण कारणं वेगळी. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर घातलेला असतो. तो हळूहळू वर येतो आणि तेलावरच्या इनॅमलला घट्ट होऊच देत नाही. कितीही वाळवलं तरी बोटाला चिकट लागतं, आणि झाड पेटीत भरलं की फांद्या एकमेकींना धरून बसतात. पीईचं उलट. त्याला फारसं काही चिकटतच नाही. रंग छान सुकतो, पण फांदी वाकवली की पोपडे पडतात. म्हणून पीव्हीसीवर अ‍ॅक्रिलिकच वापरा आणि पीईवर आधी प्लॅस्टिकसाठीच्या प्रायमरचा अगदी पातळ हात द्या. त्या प्रायमरच्या लेबलवर पॉलिइथिलीनचा उल्लेख आहे ना, हे पाहून घ्या. शंका असेल तर झाडाच्या मागच्या बाजूची एक फांदी रंगवा, 24 तास थांबा, मग ती वाकवा आणि चिकटपट्टी दाबून ओढा. पट्टीवर रंग आला तर पुढे जाऊ नका.

रंग किती लागेल याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. 400 मिलीचा कॅन सपाट फळीवर साधारण एक ते दोन चौरस मीटर झाकतो. झाडावर तो हिशेब लागू पडत नाही, कारण बराच रंग पानांमधून आरपार जातो. सहा फुटी झाडाच्या टोकांना बर्फाची छटा द्यायला दोन कॅन पुरतात. तेच हिरवं झाड पूर्ण पांढरं करायचं म्हटलं तर दहा कॅनही अपुरे पडू शकतात आणि तरीही आतून हिरवं डोकावत राहतं. फांद्या कडक होतात, वास दिवसेंदिवस रेंगाळतो. त्यामुळे पूर्ण रंगबदलाला आमचा साफ नकार आहे. पांढरं झाड हवं असेल तर पांढरंच आणावं.

टोकांना दिलेली छटा मात्र फार देखणी दिसते, फक्त रंग वरून पडला पाहिजे. फांद्या पूर्ण उलगडा, कॅन फांदीच्या वर 30 सेंटिमीटरवर तिरका धरा आणि हात सरकता ठेवून अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचे फवारे मारा. टोकाला दाट, खोडाकडे विरळ. समोरून आडवा फवारा मारला की पानांच्या खालच्या बाजूही पांढऱ्या होतात आणि झाड बर्फाळ न दिसता धुळकट दिसतं.

दिवे आधीच गुंफलेलं झाड रंगवायला घेऊ नका. रंग सॉकेटमध्ये शिरतो, बल्बवर बसतो, आणि सॉल्व्हंट वायरच्या आवरणालाही बाधू शकतो. आणखी एक गोष्ट लेबलवर ठळक दिसत नाही: अनेक कृत्रिम झाडांच्या प्लॅस्टिकमध्ये आग लवकर पकडू नये अशी द्रव्यं मिसळलेली असतात, पण वर चढवलेला रंग स्वतः जळू शकतो. रंगवलेल्या झाडाच्या बाबतीत त्या जुन्या खात्रीवर विसंबू नये आणि मेणबत्ती त्याच्या आसपासही ठेवू नये.

कुंडीतल्या जिवंत झाडाला सॉल्व्हंटचा रंग लावू नये. सुया करपतात आणि त्यांची छिद्रं बुजतात. कापून आणलेल्या झाडाला फुलांसाठीचा रंग चालतो, तोही टोकांनाच आणि सुया कोरड्या असताना.

सजावटीच्या बर्फाचे दोन प्रकार मिळतात आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कॅनमधला फेसाळ बर्फ खिडकीच्या काचेवर, स्टेन्सिलमधून, उत्तम उठतो. काढताना आधी कोरड्या ब्रशने झाडा आणि मग कोमट साबणाच्या पाण्याने पुसा. थेट ओलं फडकं फिरवलं तर पांढरा राडा काचभर पसरतो. झाडावर मात्र हा फेस निराश करतो. हात लागला की भुरभुरतो आणि सगळा खाली चादरीवर येतो.

दुसरा प्रकार पावडरचा: कागदाच्या लगद्याचे तंतू आणि पाणी लागलं की चिकटणारा डिंक. आमच्या मते झाडासाठी यापेक्षा सुंदर काही नाही. फांदीवर पाण्याची बारीक फवारणी करा, चाळणीतून पावडर पाडा, त्यावर पुन्हा बारीक फवारणी. शेवटची फवारणी बहुतेक जण विसरतात, आणि तिच्याविना वरचा थर कोरडा राहून गळतो. पाणी जास्त झालं तर गोळे होऊन थर घसरतो. एका वेळी एकच फांदी घ्या, वरून खाली या आणि झाड निदान 24 तास, दमट हवेत 48 तास, हलवू नका. पावडर चाळताना धुळीचा मास्क हवाच. एकेकाळी सजावटीचा बर्फ म्हणून चक्क अ‍ॅस्बेस्टॉस विकलं जाई. त्या काळातल्या सजावटीवर पांढरा थर असेल तर तो खरवडू किंवा झटकू नका.

धातूच्या रंगांत रुपेरी सर्वांत भरवशाचा. 1949 मध्ये एडवर्ड सीमूर यांनी रंगाचा पहिला स्प्रे कॅन तयार केला तोही अ‍ॅल्युमिनियम रंगाचाच. अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक पत्र्या पृष्ठभागावर आडव्या बसून खालचं सगळं झाकतात. सोनेरीला खाली अस्तर लागतं: तपकिरी-लाल अस्तरावर तो उबदार दिसतो, पांढऱ्यावर फिका. आरशासारख्या क्रोम स्प्रेसाठी अस्तर चकचकीत काळं आणि पूर्ण सुकलेलं हवं. क्रोमवर पारदर्शक लॅकर मारला की आरसा जाऊन साधा करडा उरतो, आणि न मारता हाताळला तर बोटांना लागतो. म्हणून क्रोम फक्त उंच टांगायच्या वस्तूंसाठी. ग्लिटरचा स्प्रे घेऊ नका. चमकी फार विरळ बसते. ब्रशने डिंक लावून सुटी चमकी भुरभुरवणं कितीतरी सरस.

घरी केलेल्या सजावटीत सगळ्यात मोठा घात थर्माकोलचा होतो. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन, आणि सॉल्व्हंटच्या कॅनमधले अ‍ॅसिटोन, टोल्युइन, झायलीन त्याला अक्षरशः विरघळवतात. गोळ्यावर खड्डे पडतात ते रंग जास्त झाल्याने नव्हे, पहिल्याच फवाऱ्याने. पाण्यावरच्या काही कॅनमध्येही डायमिथाइल ईथर हा वायू असतो, तोही थर्माकोलला सोसत नाही. त्यामुळे ‘पाण्यावर आधारित’ एवढं वाचून थांबू नका, पॉलिस्टायरीनला चालतो असं लिहिलंय का ते बघा. खात्रीचा उपाय म्हणजे पांढरा डिंक दोन भाग आणि पाणी एक भाग असं मिश्रण करून दोन हात द्यायचे. टाचणीएवढी जागाही उघडी राहिली तर खड्डा तिथूनच सुरू होतो.

पाइनकोन आधी ओव्हनमध्ये साधारण 100 अंश सेल्सियसला अर्धा ते एक तास ठेवा, जवळच थांबा. खवले उघडतात, ओल जाते, चिकटा बाहेर येऊन सुकतो. चिकटा तसाच राहिला तर तो रंगातून पिवळे डाग बनून वर येतो. भाजणं नेहमी रंगाच्या आधी. रंगवलेली वस्तू ओव्हनमध्ये कधीच नाही.

मीठ-पिठाच्या चांदण्यांना मैदा दोन कप, मीठ एक कप, पाणी सुमारे एक कप. अर्धा सेंटिमीटर जाडीच्या चांदण्या 100 ते 120 अंशांवर दोन-तीन तास लागतात, मध्ये उलटाव्या. आत ओल राहिली तर रंगाखाली फुगे येतात. मीठ हवेतली ओल ओढतं, त्यामुळे मागची बाजू आणि टांगायचं भोकही रंगवून, वर पारदर्शक लॅकरचे दोन हात द्या.

पारदर्शक काचेचे गोळे बाहेरून स्प्रे करू नका. नखाने रंग निघतो. आत थोडा पातळ अ‍ॅक्रिलिक ओतून गोळा फिरवा आणि उपडा ठेवून जादाचा रंग निथळू द्या.

फवारण्याची पद्धत सगळ्या कॅनना जवळपास एकच. आतली गोळी खडखडू लागल्यावर आणखी दोन मिनिटं हलवा. अंतर 20 ते 30 सेंटिमीटर. फवारा वस्तूच्या बाहेर सुरू करा, बाहेरच थांबवा. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात. जाड हाताला ओघळ येतात. इनॅमलचा दुसरा हात साधारण तासाभरात तरी द्या, नाहीतर थेट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. मधल्या वेळात दिलात तर खालचा अर्धवट सुकलेला थर फुगून सुरकुततो. नेमकी वेळ कॅनवर असते. हवा दमट असेल तर लॅकरवर दुधाळ झाक येते, अशा दिवशी काम पुढे ढकला.

काम उघड्यावर करा. कॅनमधले वायू ज्वालाग्राही आणि हवेपेक्षा जड असतात, ते जमिनीलगत साचतात. कापडी किंवा धुळीचा मास्क सॉल्व्हंटची वाफ अडवत नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफांचं फिल्टर असलेला मास्कच लागतो. रंगवलेल्या वस्तू 24 तास बाहेर ठेवून, वास गेल्यावरच घरात आणा.

काम संपलं की कॅन उलटा धरून नुसता वायू येईपर्यंत दोन-तीन सेकंद दाबा, नोझल तुंबणार नाही. पाण्यावरच्या बऱ्याच कॅनचं नोझल काढून कोमट पाण्यात धुताही येतं. पिन खुपसू नका, भोक मोठं होऊन फवारा थुंकल्यासारखा येतो. उरलेले कॅन 50 अंशांच्या वर तापतील अशा जागी, विशेषतः बंद गाडीत, ठेवू नयेत.