शेंगेन व्हिसा, मुक्काम पोस्ट लीड्स: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

वस्तू: शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या 29 देशांचा मिळून एकच, अल्पमुदतीचा पर्यटक व्हिसा. ग्राहक: भारतीय पासपोर्टवर इंग्लंडात नोकरी करणारं चौकोनी कुटुंब, मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चारचा. कोणत्या देशाकडे अर्ज केला आणि व्हिसा केंद्र कोणाचं होतं ते लिहीत नाही, कारण ओळखीतल्यांचं ऐकलं तर देश बदलला तरी रड तीच आहे.

आधी चांगलं लिहून टाकते. व्हिसा एकदा हातात पडला की वस्तू उत्तम आहे. एका स्टिकरवर 29 देश. भाड्याच्या गाडीने आम्ही एक सीमा ओलांडली, ते फोनवर नव्या नेटवर्कचा मेसेज आला तेव्हा कळलं.

त्रास आहे तो हातात पडेपर्यंतचा. आणि तो कागदांचा नाही. तीन महिन्यांची बँक स्टेटमेंट, पगाराच्या पावत्या, कंपनीचं रजेचं पत्र, हॉटेलची बुकिंग, किमान 30,000 युरोंचा प्रवास विमा, हे सगळं आपण जमवतो. रेशनकार्डापासून सवय आहे. त्रास हा की वर्षाचं कॅलेंडर आपलं राहत नाही.

स्लॉटचंच घ्या, म्हणजे व्हिसा केंद्रात अर्ज द्यायला जायच्या वेळेचं. नियमाप्रमाणे अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान 15 दिवस आधी करावा लागतो. ऐकायला ऐसपैस वाटतं. पण इथे सुट्टी सोडून मुलांची शाळा बुडवली तर दंड होऊ शकतो (2024 पासून दर मुलामागे प्रत्येक पालकाला 80 पाउंड), त्यामुळे मुलंबाळं असलेले सगळे ईस्टर, हाफ टर्म (सत्राच्या मधली शाळेची सुट्टी) आणि ऑगस्ट याच आठवड्यांवर तुटून पडतात. आम्हाला मँचेस्टरचं केंद्र जवळ. तिथे स्लॉट उघडणं म्हणजे तत्काळ तिकीट काढणं, फक्त वेळ जाहीर केलेली नसते. आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री बारानंतर कोणीतरी ‘उघडले!’ टाकतं, आणि तुम्ही लॉगिन करेपर्यंत बंद झालेले असतात. जादा पैसे भरून ‘प्रीमियम’ घ्यायला गेलं तर तिथे मात्र बहुतेक वेळा जागा असते. या योगायोगावर मी काही बोलत नाही.

यातून एक गंमत होते. ज्या देशात जास्त रात्री काढणार त्या देशाकडेच अर्ज करायचा, रात्री सारख्या असतील तर जिथे पहिलं पाऊल ठेवणार त्या देशाकडे, असा नियम आहे. त्यामुळे लोक आधी स्लॉट कुठे मिळतोय ते बघतात आणि मग तिथल्या रात्री वाढवतात. आम्हाला डोंगर बघायचे होते; आम्ही समुद्र बघून आलो. समुद्र छान होता, तक्रार नाही. पण आईने फोनवर विचारलं, “अगं, तू तर बर्फात जाणार होतीस ना?” तिला काय सांगणार?

केंद्रात गेल्यावरचा अनुभव बरा-वाईट मिश्र. बारा वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत, तरी दोघांनाही घेऊन या असं सांगितलं होतं, म्हणजे मुलीची शाळा बुडाली ती बुडालीच. मोठ्यांचे ठसे एकदा दिले की 59 महिने चालतात. पण ठसे चालतात, माणसाला यावंच लागतं. खिडकीतल्या मुलीने आमच्याकडे बीआरपी कार्ड, म्हणजे ब्रिटनमध्ये राहायच्या परवान्याचं कार्ड, मागितलं. ब्रिटनने ती कार्डं 2024 अखेर बंद केली, आता सगळं ई-व्हिसावर. मी शेअर कोडची (ज्याने आपला ई-व्हिसा दुसऱ्याला ऑनलाइन तपासता येतो) प्रिंट पुढे केली. तिने यादी दाखवली, यादीत कार्डच लिहिलेलं. ती आत जाऊन विचारून आली, घेतलं. मुलगी वागायला चांगली होती, दोष यादीचा. पण ती आत होती तेवढा वेळ नवरा कपाळाला हात लावून बसला होता. शेअर कोड 90 दिवस चालतो, तेव्हा नवा काढूनच जा आणि स्टेटस दाखवणारं पानसुद्धा छापून न्या.

दुसरा घोळ नावाचा. आपल्याकडे पासपोर्टवर नावाच्या रकान्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही येतं, हॉटेलवाला ते गाळतो, विमा कंपनी जोडून लिहिते. शेजारच्या खिडकीवरच्या एका गृहस्थांना यासाठी बुकिंग दुरुस्त करून आणायला सांगितलं. सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच नाव टाका, लांबलचक दिसलं तरी.

नंतरची वाट पाहणं मला सगळ्यात जड गेलं. निर्णयाला 15 दिवस, गरज वाटली तर 45 पर्यंत. तोवर पासपोर्ट त्यांच्याकडे. त्याच काळात नाशिकला सासऱ्यांना दवाखान्यात हलवलं. ते सुखरूप घरी आले, पण नवऱ्याला निघायचं झालंच असतं तर अर्ज मागे घेऊन पासपोर्ट परत मागवण्यावाचून मार्ग नव्हता. इथे राहणाऱ्या माणसाला हे टांगलेपण भारतातून अर्ज करणाऱ्यापेक्षा जास्त टोचतं. त्याचे आईवडील निदान पासपोर्टशिवाय गाठता येतात.

आणि मिळतं काय? आम्हाला मिळाला सहलीपुरता, एकदाच प्रवेशाचा, वर थोडे दिवस सवलतीचे. पुण्याचा मावसभाऊ हसत म्हणाला, “ताई, मला दोन वर्षांचा मल्टिपल मिळाला.” थट्टा नव्हती. एप्रिल 2024 मध्ये युरोपियन कमिशनने भारतीयांसाठी नियम सैल केले: मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा, त्यानंतर पाचाचा. पण ही सवलत भारतात राहून भारतातून अर्ज करणाऱ्या भारतीयांना आहे. आम्ही त्याच पासपोर्टवर, पण लीड्सला राहतो, म्हणून आम्हाला सर्वसाधारण शिडी: दोन वर्षांत तीन व्हिसे वापरा, मग एक वर्षाचा. म्हणजे युरोपच्या दारात राहणाऱ्याने दार जास्त वेळा ठोठवायचं. हा नियम वाचून मी जेवढी चिडले तेवढी स्लॉटवरही चिडले नव्हते.

किंमत: जून 2024 पासून मोठ्यांना 90 युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना 45, सहाखालच्यांना माफ. आमचे 225 युरो. केंद्राचं सेवाशुल्क, विमा, मँचेस्टरचं रेल्वेभाडं वेगळं. नकार आला तरी फी परत नाही. समोरच्या घरातली ब्रिटिश बाई गुरुवारी रात्री तिकीट काढून शुक्रवारी विमानात बसते, तिला हा खर्च सांगितला तर तिला वाटलं मी हॉटेलबद्दल बोलतेय.

ऑनलाइन अर्ज आणि स्टिकरऐवजी डिजिटल व्हिसा देण्याचा कायदा युरोपने 2023 मध्ये मंजूर केलाय. आला की पुन्हा लिहीन. तोवर माझ्याकडून पाचपैकी दोन, त्यातला एक समुद्राला.

ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी एक तारीख आधी तपासा. शेंगेनमधून परतायच्या दिवसानंतर किमान तीन महिने तुमचा ब्रिटनमधला मुक्कामाचा हक्क शिल्लक असावा लागतो. तो वाढवायला अर्ज टाकलात आणि निर्णयाआधी ब्रिटन-आयर्लंडबाहेर गेलात, तर तो अर्ज मागे घेतला असं धरतात. म्हणजे मुदत संपत आलेल्या वर्षात आधी मुदतवाढ पदरात पाडून घ्या आणि मगच स्लॉटसाठी जागरणं करा. आमची मुदत पुढच्या वर्षी संपतेय, त्यामुळे या ईस्टरला आम्ही स्कॉटलंड.