भायखळ्यातली लाकडी नावपाटी, हिब्रू अक्षरांसकट

नातीच्या पाळण्यावर लावायला 'दवोरा' नावाची पाटी हवी होती, वर देवनागरी, खाली हिब्रू. भायखळा स्टेशनजवळच्या या छोट्या दुकानात करून घेतली. बेलाशक जा.

दवोरा म्हणजे मधमाशी. बायबलमधली दवोरा खजुराच्या झाडाखाली बसून लोकांचे तंटे सोडवायची. या नावात दालेत आणि रेश ही दोन्ही अक्षरं येतात. दालेतचा वरचा कोपरा टोकदार, रेशचा गोल. बाकी दोन्ही जवळजवळ सारखीच. मशीनवर तो कोपरा सहज गोल होऊन जातो आणि नाव बिघडतं. इथल्या काकांनी आधी अक्षरं कागदावर मोठी काढून मला दाखवली, मगच लाकडाला हात लावला, आणि दालेतचा कोपरा पटाशीने हातानेच काढला. काय सुबक काम!

आम्हा बेने इस्राएलांमध्ये, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंमध्ये, हिब्रू नावांना मराठी वळण मिळालं: शमुएलचा सामाजी झाला, यहेज्केलचा हसाजी. १७९६ साली मांडवीला मुंबईतलं पहिलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर म्हणजेच सामाजी हसाजी. त्यामुळे दोन्ही लिप्या एका पाटीवर बघून ऊर भरून आला.

पॉलिश जरा जास्तच चकचकीत वाटलं; मॅट हवं तर आधी सांगा. हिब्रू स्पेलिंग जाणकाराकडून लिहून न्या. दुपारी दुकान बंद असतं. आता मुलाच्या दारासाठी 'दानिएल' सांगून आलेय.