नसलेल्या वस्तूंसाठी रसेल धरावा की माइनोंग?

विचार नेहमी कशाचा तरी असतो, असं तत्त्वज्ञ ब्रेंटानोने १८७४ मध्ये मांडलं. ते 'कशाचं तरी' अस्तित्वातच नसेल तर काय, इथून रसेल आणि माइनोंग या तत्त्वज्ञांच्या दोन वाटा फुटतात.

वल्कन ग्रह घ्या. बुधाची कक्षा गणितात बसेना, म्हणून एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लव्हेरिए सूर्याजवळ आणखी एक ग्रह शोधत होता. १९१५ मध्ये आइन्स्टाइनने ते कोडं ग्रहाशिवाय सोडवलं. मग लव्हेरिए शोधत होता ते काय?

रसेलचं (१९०५) उत्तर सुटसुटीत आहे. 'वल्कन' म्हणजे लपलेलं वर्णन: बुधाच्या आत फिरून त्याची कक्षा ढळवणारा एकमेव ग्रह. 'असा ग्रह आहे' हे विधान खोटं, विषय संपला. 'सशाचं शिंग नाही' म्हणजे सशाच्या डोक्यावर शिंग नाही, असं नैयायिक (न्यायदर्शनाचे पंडित) म्हणतात तेही याच धाटणीचं. विज्ञानातले किंवा गणितातले अस्तित्वाचे दावे तपासायचे असतील, तर माझ्या मते एवढं पुरे.

पण १८७८ च्या खग्रास सूर्यग्रहणात वॉटसन या खगोलशास्त्रज्ञानेही वल्कनचा शोध घेतला. तोच, लव्हेरिएचाच! दोघांच्या मनातली वर्णनं थोडी जरी वेगळी असली, तरी रसेलकडे या 'तोच'ला आधार उरत नाही. तत्त्वज्ञ गीचने १९६७ मध्ये नेमकं इथेच बोट ठेवलं, आणि मला ही अडचण जिव्हारी लागणारी वाटते.

माइनोंग (१९०४) म्हणतो, वस्तू कशी आहे हे ती आहे की नाही यावर अवलंबून नाही. सोन्याचा पर्वत नसला तरी सोन्याचाच. आता दोघे एकच वस्तू शोधू शकतात. मात्र मग 'अस्तित्वात असलेला सोन्याचा पर्वत' अस्तित्वातही असायला हवा, हा रसेलचा टोला बिनतोड आहे. म्हणून मूळ माइनोंग जसाच्या तसा घेऊ नका, दुरुस्त केलेला घ्या. अशा दोन दुरुस्त्या झाल्टा आणि प्रीस्ट या तत्त्वज्ञांच्या आहेत.

झाल्टाच्या मते वल्कन ही अमूर्त वस्तू आहे. ग्रहपण तिच्यात नोंदलेलं असतं, पण ती स्वतः ग्रह नसते. तर्काच्या बाजूने हे चोख आहे. तरी वॉटसन दुर्बिणीतून अमूर्त वस्तू शोधत होता, हे पटायला जड जातं. प्रीस्टच्या मांडणीत वल्कन ग्रह आहे, पण लव्हेरिएच्या समजुती जिथे खऱ्या ठरतात त्या विश्वांत, म्हणजे जग जसं असू शकलं असतं अशा कल्पित पर्यायांत. आपल्या विश्वात तो फक्त शोधला गेला. श्रद्धा, भीती, शोध यांचं तर्कशास्त्र हवं असेल तर मी प्रीस्टच घेईन. गोल चौकोनासाठी त्याला अशक्य विश्वंही, म्हणजे तर्काला न जुमानणारे पर्यायही, मानावे लागतात. ती किंमत जड वाटत असेल, तर झाल्टा धरा.