आल्डी की लिडल? जर्मनीत नवं घर लावताना

पुण्याहून इकडे श्टुटगार्टच्या बाजूला कोणी नवीन आलं, की घराची चावी हातात पडल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला: किराणा कुठून आणायचा, आल्डी की लिडल? विचारणाऱ्याच्या डोक्यात अजून डीमार्टचं गणित असतं. एकीकडे डाळ दोन रुपयांनी स्वस्त, दुसरीकडे साबणावर सूट. त्यामुळे त्याला वाटतं, या दोघांतलंही एक नक्की स्वस्त असणार आणि जुन्या लोकांना ते माहीत असणार.

जुन्या लोकांना माहीत आहे ते एवढंच, की दोघांकडचं दूध, लोणी, साखर, मीठ, मैदा सेंटाला सेंट एकाच भावात मिळतं. रेवे नावाच्या मोठ्या दुकानात 'या!' लिहिलेली पांढरी पाकिटं दिसतील, एडेकामध्ये 'गूट उंड ग्युन्स्टिग'. त्यांचाही भाव साधारण तोच. आल्डीने लोणी उतरवलं, की एक-दोन दिवसांत सगळीकडच्या पाट्या बदलतात. चढवलं तरी तेच. पहिल्यांदा मला हे संगनमत वाटलं होतं. पण पाटीवरचा भाव सगळ्यांनाच दिसतो. तो बघून आपला बदलायला कोणाशी गुपचूप बोलावं लागत नाही. तेव्हा साध्या मालाच्या भावासाठी विचारत असाल, तर उत्तर सोपं आहे: जे घराजवळ ते. निवडायचं असेल तर बाकीच्या गोष्टींवरून निवडा, आणि त्या बऱ्याच आहेत.

दोन घराणी

आल्डी म्हणजे आल्ब्रेख्त-डिस्काउंट. एसेन शहरात 1913 मध्ये आईने सुरू केलेलं छोटं दुकान कार्ल आणि थिओ या भावांनी युद्धानंतर वाढवलं. पुढे साठच्या दशकाच्या तोंडावर, सिगारेटी विकायच्या की नाही यावरून, दोघे वेगळे झाले अशी कथा आहे. वाटणी अगदी गावाकडच्या जमिनीसारखी: उत्तर एकाला, दक्षिण दुसऱ्याला. आजही आल्डी नोर्ड आणि आल्डी स्युड या दोन वेगळ्या कंपन्या आहेत आणि त्यांच्यामधल्या रेषेला लोक गमतीने 'आल्डीचं विषुववृत्त' म्हणतात. आपण राहतो तो भाग स्युडचा. काटकसर घरातच मुरलेली. थिओचं 1971 मध्ये अपहरण झालं, सतरा दिवसांनी सत्तर लाख मार्क देऊन सुटका झाली, आणि ती खंडणी धंद्याचा खर्च म्हणून करातून वजा करून मागितली असं सांगतात.

लिडल आपल्या शेजारचं. मुख्यालय हाइलब्रोनजवळ नेकारझुल्मला, मालकी श्वार्त्स समूहाची, काउफलांड ही मोठ्या दुकानांची साखळीही त्यांचीच. पहिलं लिडल 1973 मध्ये लुडविग्सहाफेनला उघडलं. मालकाचं आडनाव श्वार्त्स, म्हणजे काळा. दुकानाला 'श्वार्त्स-मार्क्ट' म्हटलं असतं तर सरळ 'काळा बाजार' झाला असता. म्हणून लुडविग लिडल नावाच्या एका निवृत्त शिक्षकाकडून त्याचं आडनाव वापरायचा हक्क एक हजार मार्कांना विकत घेतला. इतका स्वस्त ब्रँड पुन्हा कोणाला मिळाला नसेल.

पाकिटावर दुसरंच नाव का?

दोन्ही दुकानांत शिरल्यावर ओळखीची नावं फारशी दिसत नाहीत. आल्डीत दूधदुभतं मिल्सानीचं, कपड्यांचा साबण टांडिलचा, चॉकलेट मोझर रोथचं. लिडलमध्ये दूध मिलबोनाचं, सुकामेवा आलेस्टोचा, भांड्याफरशीचं सगळं डब्ल्यू-फाइव्हचं, शाम्पू-क्रीम सिएनचं. या नावांच्या कंपन्या बाजारात शोधू नका. ती दुकानाचीच नावं आहेत आणि माल बहुतेक वेळा कोणीतरी दुसराच बनवून देतो.

एक गंमत करून बघा. दुधाच्या किंवा चीजच्या कोणत्याही पाकिटावर एक छोटा अंडाकृती शिक्का असतो. वर देशाची दोन अक्षरं, मध्ये राज्य आणि आकडा. तो त्या कारखान्याचा क्रमांक. युरोपात दूध-मांसाच्या मालावर तो सक्तीचा आहे. महागड्या ब्रँडचं दही आणि आल्डीचं दही शेजारी धरून शिक्का जुळवला, की कधीकधी आकडा तोच निघतो. म्हणून आतला माल हुबेहूब एकच असं मात्र नाही. एकाच डेअरीत दोन गिऱ्हाइकांच्या दोन कृती चालू शकतात. पण स्वस्त म्हणजे कुठल्यातरी कोपऱ्यातल्या कारखान्यातला माल, ही भीती जाते. श्टिफ्टुंग वारेनटेस्ट ही 1964 मध्ये स्थापन झालेली, मालाच्या चाचण्या करणारी संस्था. तिच्या चाचण्यांतही दुकानांचे ब्रँड सरासरीने नामांकितांच्या बरोबरीने येतात. आपल्याकडे सुट्या डाळीला पाकीटबंद डाळीपेक्षा कमी मानतात, तसली मनातली पायरी इथे आणू नका.

स्वस्त पडतं त्याचं कारण मालाच्या मोजक्या जातींत आहे. केचप एक नाहीतर दोन, मीठ एक. आल्डीत नेहमीच्या वस्तू साधारण दोन हजार, लिडलमध्ये चार हजारांच्या वर. मोठ्या काउफलांडमध्ये कित्येक पट जास्त. एकाच केचपची अफाट मागणी नोंदवली, की बनवणाऱ्याशी घासाघीस वेगळ्याच पातळीवर होते. शिवाय वेष्टन दुकानच ठरवतं. आल्डीचं पाकीट हातात घेऊन फिरवा, बारकोड दोन-तीन बाजूंना छापलेला दिसेल. गल्ल्यावरच्या बाईंना शोधत बसायला नको, पाकीट कसंही पडलं तरी मशीन वाचतं. पहिल्या दिवशी माझं सामान त्या वेगाने घरंगळत आलं आणि मी एकेक वस्तू पिशवीत रचत उभा राहिलो, तेव्हा मागच्या रांगेतले उसासे मराठीतही कळले असते. सगळं ट्रॉलीत परत टाका, बाजूला न्या, मग भरा.

आपल्या स्वयंपाकघरासाठी

खरी निवड इथे होते, म्हणून जरा थांबतो.

तूप. दोघांकडे 250 ग्रॅमची 'डॉइचे मार्केनबुटर', म्हणजे लोणी, मिळते. त्यावर 'झ्युसराम' किंवा 'मिल्ड गेझॉयर्ट' लिहिलेलं असतं. पहिलं गोड सायीचं, दुसरं किंचित आंबवलेलं. कढवायला दुसरं घ्या. विरजणाचा वास पूर्ण येत नाही, पण घरच्या लोण्याच्या जवळ जातो. लोण्यात निदान 82 टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे चार पाकिटांचं साधारण आठशे ग्रॅम तूप. आल्डी, लिडल, काही फरक नाही.

श्रीखंड. इथे चक्का आयता मिळतो, त्याचं नाव क्वार्क. 'मागर' लिहिलेला घेऊ नका. त्यात साय जवळपास नसते आणि श्रीखंड खडूसारखं लागतं. '40 टक्के' लिहिलेला घ्या. तो आकडा बघून दचकू नका, तो पाणी वजा करून उरलेल्या भागातला आहे. प्रत्यक्षात शंभर ग्रॅमला अकराएक ग्रॅम. रात्रभर फडक्यात बांधला तरी पाणी थोडंच सुटतं, पण बांधाच. त्याशिवाय साखर घातल्यावर सैल होतं. गुढीपाडव्याला मी मिल्सानी आणि मिलबोना दोन्ही वापरून पाहिलेत. खाणाऱ्यांना ओळखता आलं नाही, मलाही नाही.

पीठ. पाकिटावरचा 405, 550, 1050 हा आकडा म्हणजे शंभर ग्रॅम पीठ जाळल्यावर उरणारी राख, मिलिग्रॅममध्ये. आकडा चढा, तेवढा कोंडा जास्त. 405 म्हणजे आपला मैदाच. करंज्यांना छान, पोळ्यांना वाईट. कणीक, पोहे, तूरडाळ, गोडा मसाला, आमसुलं या यादीसाठी दोन्ही दुकानं बिनकामाची. इंडियन स्टोअरला पर्याय नाही.

शाकाहारी घरासाठी मात्र पारडं जरा लिडलकडे झुकतं. चीजमध्ये दूध गोठवायला वापरलेलं वासराच्या पोटातलं रेनेट आणि गोळ्या-पुडिंगमध्ये जिलेटीन असू शकतं, त्यामुळे दोन्हीकडे हिरवा-पिवळा 'व्ही' शोधायची सवय लावा. लिडलची वेमोंडो ही व्हीगन, म्हणजे मांस-दूध दोन्ही नसलेली मालिका मोठी आहे, आणि 2023 च्या ऑक्टोबरात त्यांनी तिचे बरेच भाव मांस-दुधाच्या तोडीस तोड आणले. आल्डीनेही मागोमाग भाव खाली आणले.

मग कोण कोणासाठी?

लिडल घ्या, जर एकाच फेरीत सगळं उरकायचं असेल. नामांकित ब्रँड जास्त, तिथेच भाजलेला पाव चांगला, आणि मधल्या रांगेत त्यांच्याच पार्कसाइड ब्रँडची ड्रिल मशीन मिळते, जिच्यासाठी सज्जन जर्मन माणसंही भल्या सकाळी दारात उभी असतात. किंमत द्यावी लागते ती ॲपच्या रूपाने. काही सवलती फक्त लिडल प्लसवाल्यांना मिळतात. तुम्ही काय खाता याची नोंद त्यांच्याकडे जाते. मला ते खटकतं. बायकोला खटकत नाही, आणि कूपन तिच्याच फोनवर असतात.

आल्डी घ्या, जर ठरलेलीच यादी दर आठवड्याला आणायची असेल. दुकान लहान, वीस मिनिटांत बाहेर. कॉफी पिणारे असाल तर हेही सांगतो: आल्डी स्युड कॉफी स्वतः भाजतं, त्यातला एक कारखाना आपल्याच राज्यातल्या केच गावात आहे. भाव बघता ती कॉफी फारच बरी.

आमच्या घरातून आल्डी पायी चार मिनिटांवर, त्यामुळे आठवड्याचा किराणा तिथून. महिन्यातून दोनदा लिडल, एकदा इंडियन स्टोअर. जाताना ट्रॉलीसाठी एक युरोचं नाणं आणि एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या घ्या, प्रत्येकीचे अनामत म्हणून भरलेले 25 सेंट परत मिळतात. आणि शनिवारी संध्याकाळी सहानंतर कुठेच जाऊ नका. रविवारी सगळं बंद असतं, त्यामुळे तेव्हा क्वार्कच्या फळीवर फक्त 'मागर' उरलेला असतो.