वर्गणी भरून काही महिने झाले: सुपरहिरोंची वयं आणि त्यांची युद्धं

पावसाळ्यात एका डिजिटल कॉमिक्स ॲपची वर्षाची वर्गणी भरली. ठरवलं होतं की मार्व्हलची कॉमिक्स प्रसिद्ध झाली त्याच क्रमाने, १९६१ पासून वाचायची. अजून बरंच बाकी आहे, पण मत द्यायला पुरेल इतकं वाचून झालंय.

ॲपचं आधी उरकून घेते. टॅबवर अख्खं पान नीट दिसतं. मोबाइलवर चौकट-चौकट सरकवत वाचावं लागतं आणि जोडपान आलं की वैताग. जुन्या अंकांतला वाचकांचा पत्रव्यवहार गाळलाय, हे जास्त खटकलं. वयं आणि तारखा धरून लेखकांना कोंडीत पकडणारे लोक तिथेच भेटले असते! शिवाय यादीत दिसतो तो मुखपृष्ठावर छापलेला महिना, अंक प्रत्यक्षात त्याआधीच स्टॉलवर आलेला असायचा. कॅप्टन अमेरिकाच्या पहिल्या अंकावर मार्च १९४१ आहे, पण तो विक्रीला आला डिसेंबर १९४० मध्ये. मुखपृष्ठावर हिटलरच्या जबड्यावर ठोसा बसतोय आणि अमेरिका युद्धात उतरायला अजून वर्षभर अवकाश आहे. हे पात्र घडवणारे जो सायमन आणि जॅक कर्बी यांचं धाडस तारीख कळल्यावर जास्त जाणवतं.

आता मुख्य मुद्दा. मार्व्हलमध्ये फँटॅस्टिक फोर अवकाशात गेले ते कायम ‘दहा-पंधरा वर्षांपूर्वी’. आपण पुढे सरकतो, तसं ते वर्षही सरकतं, म्हणून पात्रं म्हातारी होत नाहीत. पीटर पार्करला, म्हणजे स्पायडर-मॅनला, कोळी १९६२ ऐवजी २०१२ मध्ये चावला म्हटलं तरी काही बिघडत नाही. युद्धाला मात्र तारीख चिकटलेली असते. फँटॅस्टिक फोरमधले रीड रिचर्ड्स आणि बेन ग्रिम दोघंही दुसऱ्या महायुद्धात लढलेले होते. १९६१ मध्ये ते चाळिशीचे असणार, हिशेब सरळ. पुढे तो उल्लेख हळूच गायब होतो.

कॅप्टन अमेरिकाची सोय बर्फाने केली. ॲव्हेंजर्सच्या चौथ्या अंकात (१९६४) समुद्राखालच्या राज्याचा राजा नेमॉर कॅप्टन ज्यात गोठलाय ती बर्फाची लादी समुद्रात भिरकावतो, ती वितळत जाते, ॲव्हेंजर्स पाणबुडीतून त्या माणसाला आत ओढून घेतात आणि शुद्धीवर येताच तो युद्धातल्या आपल्या जोडीदाराच्या, बकीच्या नावाने ओरडतो. तेव्हा तो जेमतेम वीस वर्षं झोपला होता. त्याच्या ओळखीची माणसं हयात होती, नोकऱ्या करत होती. आता ती झोप दरवर्षी लांबते. त्याचं स्वतःचं निभावतं, पंचाईत होते आजूबाजूच्यांची. त्याची प्रेयसी शॅरन कार्टर आधी त्याच्या युद्धकाळातल्या प्रेयसीची, पेगीची, धाकटी बहीण होती, पुढे तिला भाची करावं लागलं. बकीला २००५ मध्ये परत आणलं तेव्हा त्यालाही सोव्हिएत लोकांनी मोहिमांच्या मधल्या काळात गोठवून ठेवलं होतं असं सांगितलं. फ्रीजर दुसऱ्यांदा वापरला, पण गोष्ट उत्तम जमलीये.

आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेल्यांना इथे वेताळ (इंग्रजीतला फँटम) आठवेल. तिथे ही कटकटच नव्हती. बाप गेला की मुलगा मुखवटा चढवतो, लोक समजतात तोच अमर आहे. १५३६ पासून एकविसाव्या पिढीपर्यंत बिनबोभाट चाललं.

टोनी स्टार्कच्या, म्हणजे आयर्न मॅनच्या, बाबतीत मात्र माझा राग अजून गेलेला नाही. १९६३ च्या मूळ गोष्टीत तो व्हिएतनाममध्ये पकडला जातो. अमेरिकन मरीन दा नांगला उतरायच्या दोन वर्षं आधी! म्हणजे ते युद्ध लिहिणाऱ्यांसाठी इतिहास नव्हतंच, रोजच्या पेपरातली बातमी होती. पुढे त्याची जागा अफगाणिस्तानने घेतली, तेही पटलं, कारण शस्त्रं विकणारा माणूस चालू युद्धातच सापडायला हवा. पण २०१९ मध्ये सगळ्यांसाठी मिळून सियानकाँग नावाचं काल्पनिक युद्ध आणलं. टोनी तिथलाच, पनिशर म्हणजे माजी सैनिक फ्रँक कॅसलही तिथलाच. हिशेब बिनचूक बसला आणि चव गेली. व्हिएतनामहून परतलेला फ्रँक कॅसल १९७४ च्या वाचकाला गल्लीतला कुणीतरी वाटला असेल. सियानकाँगहून कोण परत येतं?

एक्स-मेनचा शत्रू मॅग्नेटो, त्याला असं हलवायची कुणाची टाप नाही. १९८१ च्या अनकॅनी एक्स-मेन १५० मध्ये तो एक्स-मेनमधल्या किटी प्राइडवर प्राणघातक वार करतो. नंतर तिच्याकडे नीट बघतो, तर ती लहान मुलगी. तिथे तो आपल्या लहानपणीच्या ऑशविट्झ या नाझी छळछावणीबद्दल बोलतो. त्या दोन पानांनंतर मी टॅब बाजूला ठेवला. सोय अशी, की १९७४ मध्ये एका भलत्याच गोष्टीत त्याला तान्हं बाळ केलं होतं आणि १९७७ मध्ये पुन्हा ऐन उमेदीतला पुरुष. तेव्हा वयाचा हिशेब कुणाच्या डोक्यातही नसणार, पण पुढे तेच कामाला आलं. हा खुलासा वेडगळ आहे, तरी मला चालतो. वय वाकवलं तरी चालेल, छळछावणी बदलून चालणार नाही.

घ्यायचं झालं तर टॅब असेल तरच वर्षाची वर्गणी भरा. मोबाइलवरच वाचणार असाल तर आधी महिन्याची घेऊन बघा. आणि माझ्यासारखं क्रमाने वाचायच्या फंदात पडू नका, अध्येमध्ये फार भरताड आहे. सुरुवात ‘स्पायडर-मॅन: लाइफ स्टोरी’पासून करा (२०१९). सहा अंक, दर अंकाला एक दशक, आणि पीटर चक्क म्हातारा होतो. पहिल्याच अंकात पीटरचा वर्गमित्र फ्लॅश थॉम्पसन व्हिएतनामला निघतो आणि अंगात एवढी ताकद असून आपण का जात नाही, हा प्रश्न पीटरला छळायला लागतो.