मंगोलियन संगीत ऐकायचंय? ‘द हू’ की ‘जी’?

मंगोलियाचं आजचं संगीत शोधायला गेलात की बहुतेक वेळा आधी ‘द हू’ समोर येतो. 2016 साली राजधानी उलानबातरमध्ये जमलेला बँड, 2019 मध्ये पहिला अल्बम ‘द गेरेग’. दांडीच्या टोकाला घोड्याचं डोकं कोरलेलं मोरिन खूर हे तंतुवाद्य, एकाच गळ्यातून एका वेळी दोन सूर काढणारी खूमी गायकी आणि त्यावर दणदणीत रॉक. शब्द कळले नाहीत तरी अंगावर काटा येतो. मात्र ही ओळख जगासाठी सजवलेली आहे. लढवय्ये पूर्वज, घोडे, माळरान. आजचं शहर त्यात फारसं दिसत नाही.

ते दिसतं हिपहॉपमध्ये. 1990 च्या लोकशाही क्रांतीनंतर तिथे रॅप रुजला आणि ‘जी’ हा त्यातला सगळ्यात धारदार आवाज. तो उलानबातरच्या गेर, म्हणजे तंबूंच्या, वस्तीतला. गुरं गमावून शहरात आलेल्या कित्येक भटक्या कुटुंबांनी तिथे तंबू ठोकले. हिवाळ्यात घराघरांत कोळसा जळतो आणि अख्खं शहर धुरात बुडतं. ‘जोनोन’ या लोकसंगीताच्या बँडबरोबर त्याने केलेलं ‘मिनी नुतगीग नादाद उल्दे’ जरूर ऐका. ‘माझी भूमी माझ्यासाठी राहू द्या’ हे त्याचं मागणं खाणींसाठी जमीन पोखरणाऱ्यांकडे आहे. मोरिन खूर इथेही वाजतं, पण शोभेसाठी नाही. ज्या जमिनीतून ते आलं, तिची बाजू घेऊन वाजतं.

आणखी एक गंमत कान देऊन ऐका. आपल्या ओवी-पोवाड्यात यमक ओळीच्या शेवटी येतं. मंगोलियन कवितेत जुन्या काळापासून लागोपाठच्या ओळी एकाच ध्वनीने सुरू होतात. तिथल्या रॅपर्सनी ही रीत सोडली नाही, शेवटचं यमक तिच्या जोडीला आणलं. भाषेचा हा अभिमान मला कुठल्याही लढवय्या थाटापेक्षा खरा वाटतो.

खटकणारी बाजूही आहे. काही गटांच्या गाण्यांत चिनी लोकांबद्दल उघड द्वेष आहे. त्याला संस्कृतिप्रेम म्हणणं मला मान्य नाही.

नुसत्या नादासाठी ऐकायचं असेल, तर ‘द हू’ लावा, निराश होणार नाही. तिथली माणसं समजून घ्यायची असतील, तर ‘जी’पासून सुरुवात करा, गाण्याचा अर्थ शोधून शेजारी ठेवा आणि पुढे जेनी या रॅपर बाईंकडे वळा.